15 जूनच्या आधी शाळा तयार करणाऱ्या माणसांचा सन्मान: कसा, कधी आणि कशाकशासाठी?

प्रश्न | शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष, संगमेश्वर तालुका

आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. पट 86, त्यात पहिली ते पाचवी 52 आणि सहावी-सातवी 34. तीन खोल्या कौलारू, दोन स्लॅबच्या. शिपायाचं पद नाही. 15 जूनला प्रवेशोत्सव आहे आणि आज मेचा दुसरा आठवडा, म्हणजे महिनाभर हातात आहे.

प्रवेशोत्सवात गुलाबाचं फूल पाहुण्यांना मिळतं, टोप्या-फुगे मुलांना मिळतात. उन्हाळाभर कुलूप असलेली इमारत ज्यांच्या हातांनी त्या सकाळी मुलांजोगी झालेली असते, ती माणसं मात्र मांडवाच्या मागे उभी असतात. कौलं चाळणारे दोघे गडी, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, पोषण आहाराच्या दोन ताई, आवार आणि खोल्या झाडणाऱ्या बचत गटाच्या सहा बायका, वायरमन, पुस्तकांचे गठ्ठे उतरवून देणारा टेम्पोवाला. यंदा समितीने ठराव केला आहे की सन्मान यांचाच होईल.

नुसतं शाल-श्रीफळ देऊन मोकळं व्हायचं नाही. प्रत्येकाबद्दल दोन वाक्यं नेमकी बोलता आली पाहिजेत आणि काम सुरू व्हायच्या आधी त्यांना जे लागतं तेही आमच्याकडून पोचलं पाहिजे. म्हणून जाणकारांनी सांगावं: प्रत्येकाच्या कामात खरोखर काय काय असतं, कुठे बिघडतं, आम्ही काय पुरवावं? पैशाची तरतूद आणि कार्यक्रमाची वेळ याबद्दलही लिहा.

उत्तर 1 | निवृत्त मुख्याध्यापक, देवरुख

ताई, ठराव वाचून मनापासून बरं वाटलं. कौलांपासून सुरुवात करतो. मृग लागायच्या आत संपलंच पाहिजे असं हे एकच काम आहे, बाकीचं एखाददोन दिवस पुढेमागे चालतं.

मंगलोरी कौलांचा हिशोब 100 चौरस फूट छपराला साधारण 150 कौलं असा धरतात. 20 बाय 20 च्या खोलीचं छप्पर उतार आणि पागोळ्या धरून 500 ते 550 चौरस फुटांवर जातं. म्हणजे खोलीला आठशेच्या आसपास, तीन खोल्यांना चोवीसशे. शाकारणी नीट करायची तर यातलं प्रत्येक कौल हातातून जातं. उचलायचं, शेवाळ खरवडायचं, बोटाने टिचकी मारून ऐकायचं. चांगलं कौल खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर फक्त या आवाजात सापडते.

त्यानंतर रिपा. कौलाचं नाक ज्या पट्टीवर अडकतं ती वाळवीने पोकळ झाली असेल तर पहिल्या वाऱ्यात कौल सरकतं आणि पाणी थेट वाशावर येतं. आढ्यावरचे कोने (माथ्यावरची वळणदार कौलं) सिमेंट-वाळूत बसवलेले असतात. उन्हाने तो मसाला तडकतो. खोलीच्या मधोमध, फळ्यासमोर गळती लागते ती बहुतेक वेळा तिथली. पन्हाळीत आंब्या-फणसाचा पाला साचलेला असला की पाणी उलटं भिंतीत शिरतं. वानरांनी उड्या मारून फोडलेली कौलं वेगळीच.

आता समितीने काय करायचं ते. 50-60 जादा कौलं आधी आणून ठेवा, त्याच छापाची. वेगळ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही. जादा कौल हाताशी नसेल तर गडी फुटकंच फिरवून बसवतात आणि जुलैत बोल त्यांना लागतो. कमरेला बांधायला जाड दोर द्या आणि त्याचं दुसरं टोक पक्क्या वाशाला. छपरावर शिडी आडवी टाकून चढायचं, पाय कौलाच्या पोटावर न देता जोडावर द्यायचा, खाली रीप असते तिथे. एकदा सर पडून गेली की शेवाळ निसरडं होतं. मग "जरा एवढं एक कौल सारून द्या" म्हणून कोणालाही वर पाठवू नका, गळती बादलीत घ्या.

सत्काराच्या वेळी एवढंच सांगा: "या दोघांनी आपल्या डोक्यावरची चोवीसशे कौलं एकेक करून वाजवून पाहिली आहेत." पहिलीतलं पोरसुद्धा मान वर करून बघेल.

वायरमनचं थोडक्यात. छप्पर झाल्यावरच त्याला बोलवा, आधी नको. ओल धरलेले बोर्ड उघडून वाळवणं, ईएलसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का हे बघणं, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं, पंख्यांचे हूक हलवून बघणं. स्विचबोर्डात आणि पंख्याच्या वाटीत गांधीलमाश्या घर करतात, तेव्हा काम सकाळी लवकर करू द्या आणि त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नको.

उत्तर 2 | पाणीपुरवठा काम, लांजा

आपण "टाकी धुतली" असं दोन शब्दांत म्हणतो, त्याला दोन दिवस लागतात. जलसुरक्षकाबद्दल बोलताना हे आवर्जून सांगा.

शाळेवर 1000 लिटरच्या दोन टाक्या आहेत असं धरतो. पहिल्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी, तळाचा गाळ मगाने काढायचा. आतून लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश वापरला तर प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वर्षी शेवाळ त्याच ओरखड्यांत घट्ट बसतं. धुतलेलं पाणी तळाच्या तोटीतून बाहेर. मग टाकी भरायची आणि निर्जंतुक करायची. मात्रा: 1000 लिटरला 150 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं, म्हणून एवढ्यात लिटरला 50 मिलिग्रॅम होतं. पावडर सरळ टाकीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून 10-15 मिनिटं ठेवायची, चुन्याचा गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी टाकीत. गाळ आत गेला तर तोट्या चोंदतात. मग शाळेतली प्रत्येक तोटी वास येईपर्यंत सोडायची आणि बंद करायची, म्हणजे पाइपही आतून साफ होतो. 12 ते 24 तास तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी सगळं सोडून द्यायचं. विहिरीत, ओढ्यात किंवा झाडाच्या मुळाशी नाही. पुन्हा भरून एकदा खंगाळायचं आणि मग रोजचं पाणी.

रोजची मात्रा वेगळी: 1000 लिटरला 5 ग्रॅम, आणि अर्धा तास थांबायचं. त्यानंतर टाकीपासून सगळ्यांत लांबच्या तोटीचं पाणी घेऊन ओटी टेस्ट. पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे, किमान 0.2 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) हवं. टाकीजवळच्या तोटीवर केलेली टेस्ट काही सांगत नाही. 15 जूनच्या तीन-चार दिवस आधी जंतू तपासायची एच टू एस बाटलीही लावा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर दूषित. तेव्हा वेळ असेल तर पुन्हा निर्जंतुकीकरण करता येतं, 14 तारखेच्या संध्याकाळी कळून उपयोग नाही.

चुकतं कुठे? एक तर गेल्या पावसाळ्यातली उघडी पिशवी. टीसीएल ओलीने आणि उष्णतेने मरतं. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते, मग मात्रा कितीही बरोबर घ्या. दुसरं अंदाज. "दोन मुठी" हे माप नव्हे, वजनकाटा द्या. आणि तिसरं, जिवाशी गाठ असलेलं: संडास साफ करायचं ॲसिड आणि टीसीएल एका बादलीत, एका भांड्यावर, एकाच दिवशी एकाच ठिकाणी कधीही नको. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट शौचालयात माणूस कोसळू शकतो. बचत गटाच्या बायकांना हे काम सांगणार असाल तर ही एक गोष्ट तोंडाने, समोर उभं राहून सांगा.

जमिनीखालची टाकी असेल तर झाकण आधी उघडून हवा खेळू द्यायची आणि वर दुसरा माणूस असल्याशिवाय कोणी उतरायचं नाही.

शौचालयाचं एक साधं कारण सांगतो. महिना-दीड महिना बंद राहिल्यावर जो भपकारा येतो तो घाणीचा असतोच असं नाही. भांड्याखालच्या वळणात पाणी असतं, ते वास अडवतं. उन्हाळ्यात ते उडून जातं आणि खड्ड्यातला वायू आणि झुरळं सरळ वर येतात. 13 जूनला प्रत्येक भांड्यात आणि न्हाणीच्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं की निम्मा वास जातो. तरी राहिला तर मग पाइप तुंबलाय का बघायचं.

पुरवायच्या वस्तू: गमबूट, रबरी हातमोजे, नाकाला मास्क, बॅटरी, 200 ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा. गमबुटाचा नंबर त्यांना विचारून घ्या.

उत्तर 3 | पोषण आहार काम, कोल्हापूर

स्वयंपाकी ताईंचं काम किती वजनाचं आहे हे कोणी मोजत नाही, म्हणून ते हलकं वाटतं. तुमच्याच पटावर मांडते.

पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात. 86 जण हजर असले तर रोज 10 किलो 300 ग्रॅम तांदूळ, 2 किलोवर डाळ, 5 किलोवर भाजी, अर्धा लिटरहून जास्त तेल. 10 किलो तांदळात 22 ते 25 लिटर पाणी मुरतं. म्हणजे खिचडी तयार झाली की पातेल्यात 35 किलोच्या पुढे वजन असतं, पातेलं वेगळं. ते उकळतं पातेलं दोन बायका कापडाने धरून उतरवतात. भाजतं ते याच क्षणी. ओल्या फडक्याने धरलं तर वाफ होऊन हात सुटतो, म्हणून फडकी कोरडी आणि जाड हवीत. त्याहून बरं म्हणजे शेगडी गुडघ्याएवढ्याच उंचीवर ठेवायची आणि पातेलं उतरवायचंच नाही, ओगराळ्याने लहान घमेल्यांत काढून वाढायला न्यायचं. घमेली चार आणि लांब दांड्याची दोन ओगराळी, एवढ्याच खर्चात भाजण्याचा धोका खूप कमी होतो.

शाळा उघडायच्या आधीचं काम वेगळं. एप्रिलअखेर शिल्लक राहिलेल्या तांदळात सोंडे होतात, जाळी धरते. पोतं सावलीत ताडपत्रीवर पसरायचं (कडक उन्हात तांदूळ तडकतो, कण्या होतात), चाळायचं, पाखडायचं, निवडायचं. 50 किलोच्या पोत्याला दोघींची सकाळ जाते. सोंडे निघाले तर तांदूळ वापरता येतो. गोळे झालेले असतील, बुरशीचा कुबट वास असेल, तर धुऊन वापरायचा नाही. मुख्याध्यापकांना दाखवून, पंचनामा करून बाजूला. हा निर्णय ताईंवर ढकलू नका, त्या दबावाखाली "चालेल" म्हणतात. कीड लागू नये म्हणून पोत्यात सेल्फॉस या कीडनाशक विषाच्या गोळ्या ठेवणं जीवघेणं आहे. कडुनिंबाचा वाळलेला पाला, हवाबंद कोठी, जमिनीपासून वीतभर उंच फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर, एवढं पुरतं. मसाला, हळद, तेलाच्या पिशव्यांच्या तारखा सुट्टीतच उलटून जातात, त्या बघायच्या.

गॅसची नळी छापील तारखेपासून 5 वर्षं. पूर्ण न झालेली असली तरी उंदराने कुरतडली आहे का हे बोट फिरवून बघावं लागतं. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहायचं, काडी पेटवून कधीच नाही. पालींची विष्ठा, कोळ्यांची जाळी, पातेल्यांच्या कडेचा काळा थर, हे सगळं काढून भांडी चिंचेने आणि राखेने घासून उन्हात पालथी. आणि पहिल्या दिवशी गोड करायचं ठरलं असेल, तर ते रोजच्या स्वयंपाकाच्या वर येतं. त्या दिवसापुरता तिसरा हात द्या. 26 ते 100 पटाला दोघीच मंजूर असतात.

आता मुद्द्याचं. या ताईंना महिना 2500 रुपये मानधन आहे आणि ते वर्षात 10 महिन्यांचं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तांदूळ निवडणं, भांडी घासणं, कोठी झाडणं हे सगळं त्या बिनपगारी दिवसांत येतं. कोणी त्यांना हे दिवस मोजून देत नाही, त्याही मागत नाहीत. सन्मान करायचा तर आधी त्या दिवसांची मजुरी द्या आणि मग शाल घाला. दर सहा महिन्यांची आरोग्य तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात 15 जूनआधी करून घ्या, जाण्यायेण्याचं भाडं समितीने द्यावं. दोघींना दोन-दोन ॲप्रन आणि टोप्या, कारण एकच असला तर पावसात वाळत नाही.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे आभार. मजुरीचं लक्षातच आलं नव्हतं. हे पैसे कुठून दाखवायचे? आणि टेम्पोवाल्याबद्दल कोणी लिहिलं नाही.

उत्तर 4 | शालेय लिपिक, सातारा

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं ते पटावर ठरतं. 31 ते 100 पटाला 25,000 रुपये, आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे तुमच्याकडे 2,500 रुपये झाडू, ब्रश, हातमोजे, जंतुनाशकासाठी हक्काचे आहेत. पण अनुदान जूनआधी खात्यात येईलच असं धरून चालू नका. टाकी, तोट्या, शौचालयाची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या पाणी-स्वच्छतेच्या बंधित निधीतून होऊ शकते. त्यासाठी समितीचा ठराव जोडून आत्ताच पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं जूनमध्ये कोणाला आठवत नाही.

मजुरी मी लोकवर्गणीतून द्या असं म्हणेन. तीन वह्या नकोत, एकच हजेरीपत्रक: पूर्ण नाव, काम, तारखा, दिवस, दर, रक्कम, सही. पैसे काम संपल्याच्या दिवशीच. बचत गट असेल तर गटाच्या खात्यावर आणि गटाच्या ठरावाने, म्हणजे वाटणीवरून गटात कुरबूर होत नाही.

एक छोटी गोष्ट, मेमध्येच करण्याजोगी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. वय 18 ते 70, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण. छपरावर चढणारे, टाकीत उतरणारे, चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या, सगळ्यांची नावं घालून बँकेत एक खेप करा. तेराजणांचे 260 रुपये. गेल्या वर्षी काढलेला असला तरी खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता न कापला जाणं ही नेहमीची अडचण, पासबुक भरून बघा. छपराचं काम मेमध्ये असेल तर बँक आजच गाठा, आणि या 31 मेपर्यंतचा वेगळा हप्ता लागतो का ते तिथेच विचारा.

टेम्पोवाल्याचं काम पुस्तकांपुरतं वाटतं, पण पहिल्या दिवसाचा घोळ तिथेच होतो किंवा टळतो. बालभारतीची पुस्तकं तालुक्याला, तिथून केंद्रावर, केंद्रावरून शाळेत येतात. मागणी आदल्या वर्षीच्या यू-डायस (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतल्या) पटावरून गेलेली असते, त्यामुळे नव्याने आलेली मुलं मोजणीत नसतात. सगळ्यांत जास्त तूट पहिलीत. अंगणवाडी ताईंकडून 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण करणाऱ्या मुलांची यादी मेमध्येच घेऊन आकडा पाठवला, तर उरलेले संच दुसऱ्या शाळेतून वेळेत फिरवता येतात. गठ्ठा उतरवतानाच मोजायचा, इयत्ता आणि माध्यम बघून, चालकासमोर. नंतर कमी भरलं तर बिचाऱ्यावर आळ येतो. पावसात ताडपत्री दोन्ही बाजूंनी बांधलेली असावी. खोलीत गठ्ठे भिंतीला टेकवून नकोत, बाकांवर ठेवा. ओल्या भिंतीने कडेची पुस्तकं चार दिवसांत फुगतात.

आमच्यासारख्या खासगी अनुदानित शाळांतल्यांसाठी: 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने नवी शिपाई पदं जाऊन भत्ता आला. मुंबईत 10,000, इतर महापालिकांत 7,500, ग्रामीण भागात 5,000 रुपये. त्या भत्त्यावर येणारा माणूस वर्षभर घंटा, कुलपं, फाटक सांभाळतो आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत त्याचं नाव नसतं. तुमच्या समितीचा ठराव आमच्याकडेही घेण्यासारखा आहे.

उत्तर 5 | निवृत्त मुख्याध्यापक, देवरुख

वेळेबद्दल राहिलं होतं. प्रवेशोत्सव सकाळी साडेदहाला असतो आणि नेमक्या त्या वेळी चुलीवर आधण आलेलं असतं. ताईंना मंचावर बोलावलं तर एकतर खिचडी खाली लागते किंवा एक मंचावर आणि एक धुरात. जेवण एक-सव्वाला उरकतं, भांडी घासायला तासभर. जलसुरक्षकही सकाळी गावाचं पाणी सोडण्यात असतो. छपराचे गडी रोजंदारीवर, त्यांना त्या दिवसाची मजुरी बुडवून बोलावू नका, त्यांचा अर्धा रोज हजेरीपत्रकात धरा.

नावं आठ दिवस आधी त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आडनावासह, त्यांना जसं लिहिलेलं आवडतं तसं. गावात बायकांना "अमक्याची आई" म्हणूनच ओळखतात आणि मंचावरही तसंच हाक मारली जाते, ते टाळा. वर्गवार 15-15 मुलांना आधी टाकी, कोठी, पन्हाळ दाखवून आणा, दहा मिनिटं पुरतात. मग सत्कार मुलांच्याच हातून करा. पाहुण्यांना बसायचं असेल तर तेही थांबतील.

सत्काराची घंटा अडीचला द्या. तोवर पातेली घासून पालथी पडलेली असतात आणि ताईंचे हात कोरडे असतात.